हर्षालीचा नंबर

पोरीच्या पत्राला रामाजीनं अजून जवाब दिला नव्हता. पत्र आलं तेव्हा महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या आणि फुलोऱ्यातल्या करंज्या डब्यात शिल्लक होत्या. त्यानंतर सोयाबीन निघालं, दिवाळी आली तशी गेली, पऱ्हाटी फुटून वावर पांढरं झालं, तरी जवाब तसाच राहिला. लिहायचं नव्हतं असं नाही. दोनदा त्यानं जैनथच्या बाजारातून आंतरदेशीय पत्र आणलं, दोनदा 'चि. हर्षाली हिस अनेक आशीर्वाद' इथपर्यंत लिहिलं, आणि दोन्ही वेळा पुढं काय लिहावं ते न सुचून कागद बाजूला ठेवला. त्यातल्या एकाची बायकोनं, मथुराबाईनं, तिखटाची पुडी बांधली.

मथुराबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र आलं त्या दिवशी रामाजीनं ते चुलीपाशी बसून तिला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पोरीनं लिहिलं होतं:

'बाबा, फोनवर लिहिलं तर आधी गयाकाकू वाचतात आणि मग तुम्ही, म्हणून पोस्टानं लिहिते आहे. मला रोज अनोळखी लोकांचे फोन यायचे. कोणी पगार विचारायचा, कोणी विचारायचा की रंग फोटोत दिसतो तसाच आहे का. परवा एक माणूस हॉस्टेलच्या फाटकाशी उभा होता. त्याला माझी जन्मवेळ पाठ होती. बाबा, माझी जन्मवेळ मलासुद्धा पाठ नाही. मी हॉस्टेल सोडलं आणि नंबर बदलला. नवा नंबर गावात कुणालाच दिलेला नाही, तुम्हालाही नाही. तुम्ही माझा कागद कुणाकुणाला दिला ते खरं लिहून कळवा. आणि हेही कळवा, की नवा नंबर दिला तर तो तुमच्यापाशी राहील का. मी बरी आहे. आईला सांगा.'

खाली पत्ता ती नोकरी करते त्या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेचा होता. राहण्याचा नव्हता.

मथुराबाई चुलीतली काडी मागं-पुढं करत राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, "त्या माणसाले जन्मवेळ कोनं सांगतली?"

"म्याच," रामाजी म्हणाला.

झालं होतं ते असं. हर्षाली हैदराबादेला गेली ती तिथलीच होऊ लागली. आधी महिन्याला यायची, मग सणाला, मग सणालाही सुट्टी मिळेना. समाजातलं कोणी भेटलं की पहिला प्रश्न, 'पोट्टीचं कुठी जमलं का?' रामाजीला लग्नाची तशी घाई नव्हती. त्याला पोरगी परत यायला पाहिजे होती. पैनगंगेच्या पलीकडल्या काठाला, महाराष्ट्रात, एखादं बरं स्थळ मिळालं, तर पूल ओलांडून ती मनात येईल तेव्हा येईल, तुरीचे हिरवे सोले खाईल, जाताना डबा भरून नेईल. हे त्यानं कोणाला बोलून दाखवलं नाही. स्वतःशीसुद्धा नीट बोलला नसावा.

म्हणून त्यानं जैनथला देवानंदच्या दुकानात तिचा बायोडाटा टाइप करून घेतला. नाव, उंची, रंग, रास, जन्मवेळ, शिक्षण, नोकरी, पगार, हॉस्टेलचा पत्ता, मामाचं गाव. वर फोटो. शेवटी देवानंदनं विचारलं, "संपर्काले नंबर कोनचा टाकू काका, तुमचा?"

इथंच रामाजी घोटाळला. त्याचा फोन म्हणायला त्याचा होता. त्या गल्लीत पहिला मोबाइल त्यानं घेतला, तेव्हा ज्याच्याजवळ नव्हता त्यानं रेशनला, बँकेला, जमिनीच्या पट्टापासबुकाला, दवाखान्याला, जिथं म्हणून नंबर विचारला तिथं रामाजीचाच नंबर दिला. पुढं घरोघरी फोन आले, पण कागदोपत्री नंबर तोच राहिला. त्यात रेंज फक्त ओसरीच्या पुढच्या खांबापाशी लागायची. म्हणून फोन तिथंच खुंटीला कापडी पिशवीत लटकलेला असे, आणि येणारा-जाणारा पिशवीत हात घालून आपला मेसेज पाहून घेई. वाजला तर जो जवळ असेल तो उचली. उद्या पोराकडच्यांचा फोन आला आणि गयाबाईनं उचलला म्हणजे? गयाबाई शेजारीण. ती पाहुण्याला पोरीच्या लहानपणच्या गोवरापासून सगळं सांगत बसली असती. पोरीची गोष्ट अशी चव्हाट्यावर नको, म्हणून रामाजीनं विचार करून सांगितलं, "माया नको. तिचाच टाक."

आपल्या समजुतीप्रमाणे त्यानं पोरीची गोष्ट झाकून ठेवली होती.

*

पहिल्या वेचणीच्या दिवशी सकाळी धुई पडली होती. पऱ्हाटीवरचं दव सुकल्याशिवाय कापसाला हात लावता येत नाही, म्हणून बाया वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, उन्हाची वाट पाहत बसल्या होत्या. मथुराबाईनं वावराच्या कोपऱ्यात खडे मांडून त्यांना हळद-कुंकू लावलं, दही-भाताचा नैवेद्य दाखवला, एका फुटलेल्या बोंडातला कापूस ओढून त्याचा धागा शेजारच्या झाडाला बांधला. दरवर्षी ह्याच वेळेला हर्षालीचा फोन यायचा. तिला यायला जमलं नाही तरी ती फोन करायची आणि म्हणायची, 'बाबा, फोन वावराकडे फिरवा, पाहू द्या किती फुटला.' त्यासाठी रामाजी त्या एका दिवशी फोन खुंटीवरून काढून वावरात न्यायचा आणि रेंजसाठी बैलबंडीवर चढून उभा राहायचा.

आजही त्यानं फोन आणला होता. का आणला ते त्याला सांगता आलं नसतं.

"भाऊजी, बरं झालं आनला," गयाबाई कमरेला ओढणी गुंडाळत म्हणाली. कापूस वेचून टाकायला पोटाशी बांधायच्या त्या झोळीला बाया ओटी म्हणत, आणि फोनवर येणाऱ्या ओटीपीलाही ओटीच. "कापूस खरेदीले माया पोरानं, भारतनं, मायं नाव लावलं हाय. माही ओटी आली का पाहा बरं."

"तुयी ओटी तं तुया पोटाले हाय," दुसरी बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"पाहा वो भाऊजी, थट्टा नाई. तिकडं पोरगं दुकानात उभं हाय."

रामाजीनं फोन तिच्याकडे दिला. गयाबाई सातवी शिकलेली. तिनं आकडा शोधला, आपल्या फोनवरून पोराला फोन लावला, आणि धुऱ्यावरून अर्ध्या शिवारात ऐकू जाईल अशा आवाजात एकेक आकडा ओरडून सांगितला. मग रामाजीचा फोन परत देता देता सवयीनं दोन-चार मेसेज वर सरकवले.

"हर्षालीचा काहीच नाई दिसत भाऊजी? पहिली वेचनी हाय ना आज?"

रामाजीनं फोन खिशात ठेवला. "असन कामात," तो म्हणाला.

ऊन आलं, वेचणी सुरू झाली. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या बाजूला घुसत. दुपारपर्यंत रामाजीच्या अंगठ्याची कड फाटून रक्ताचा ठिपका कापसाला लागला. तो ठिपका त्यानं तोडून टाकला. शेजारच्या ओळीतून मथुराबाई वाकल्या वाकल्याच बोलली, फक्त त्याला ऐकू जाईल असं.

"तिनं तुमाले काय मागतलं? कोनाले देल्लं ते लिवा, एवढंच ना?"

"हो."

"मंग काऊन लिवत नाई?"

"लिवू काय? मले मालूमच नाई कोनाकोनाजोळ गेलं ते."

"मंग जाऊन पाहा. येथी पऱ्हाटीत डोकं घालून समजन का?" ती कंबर धरून सरळ झाली. "माया कानाले तिचा आवाज पाह्यजे. मले अक्षर येत असतं तं म्या केव्हाच लिवलं असतं. तुमाले येते तं तुमी बसून राह्यले."

*

दुसऱ्या दिवशी रामाजी ऑटोनं जैनथला गेला. चौकात देवानंदचं दुकान: झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका. देवानंद भावकीतला, त्याला काका म्हणणारा. दुकानात तीन-चार लोक कागद घेऊन उभे होते. रामाजी त्यांच्या मागं उभा राहिला. त्याची पाळी आली तरी त्यानं आणखी दोघांना पुढं जाऊ दिलं.

"बोला काका."

"देवानंद, तो हर्षालीचा कागद... तुयाजोळ हाय ना?"

"हाय ना. अजून छापाचे का?"

"नाई. वापस पाह्यजे." रामाजी काउंटरवर थोडा वाकला. "असल वापस दे मले."

"असल म्हंजे?"

रामाजीनं सगळा विचार करून ठेवला होता. बापाच्या वेळेपासून धुऱ्याच्या भांडणात त्यानं कचेऱ्या पाहिल्या होत्या. असल कागद कचेरीत दफ्तरात असतो, बाहेर फिरतात त्या नकला. नकलेला जोर असलमुळे. असल काढून घेतली की बाहेरच्या नकला आपोआप मेल्या, कोणी विचारलं तर म्हणता येतं, दाखव असल. गावातला कोणीही म्हातारा हेच सांगेल.

"पहिला जो बनोला तो," तो म्हणाला. "तो तू मले दे. मंग बाकीच्याईच्या नकला काही कामाच्या राहनार नाई."

देवानंदला हसू आवरेना. रांगेतला एक जण वळून पाहू लागला. "काका, हे का तहसील हाय? फोनात असल-नकल नसते. म्या एक सुधाकररावाईले पाठोला, त्याईनं गटात टाकला, गटातल्यानं किनवटले पाठोला, किनवटच्यानं यवतमाळले. ते सारेच असल. जेवढे हायत तेवढे असल."

"मंग वापस कसा घ्याचा?"

"वापस नाई येत. माया येथचा पुसतो, बाकी..." त्यानं हात हलवला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "काऊन, काही झालं का?"

तोपर्यंत रामाजीची नजर दुकानाच्या काचेवर गेली होती. काचेला बाहेरून चिकटवलेले कागद होते. लग्नपत्रिकेचे नमुने, आधारचे फोटो, 'येथे बायोडाटा बनवून मिळेल' अशी पाटी. पाटीखाली नमुना म्हणून हर्षालीचा कागद लावला होता. उन्हानं फोटोचा रंग उडाला होता, तरी ती ओळखू येत होती. फोटो काढला त्या दिवशी तिनं रामाजीच्या आईची मोत्याची नथ घातली होती. उंची, रास, जन्मवेळ, पगार, नंबर, सगळं चौकाकडे तोंड करून. समोर ऑटोवाले उभे होते.

रामाजी काचेपाशी गेला आणि नखानं चिकटपट्टी उकरू लागला.

"काका, काका, तो नमुना हाय! चांगला आलता म्हनून लावला. लोकं पाहून तसाच मांगतात."

चिकटपट्टी जुनी होती, निघेना. फाटका अंगठा दुखत होता. कागद वरून फाटला, फोटोचा कोपरा काचेलाच राहिला. देवानंद बाहेर आला, त्यानं ब्लेडनं उरलेला तुकडा काढून दिला. रांगेतला माणूस म्हणाला, "म्हातारबुवा, लग्न जमलं वाट्टे?"

"नाई," रामाजी म्हणाला. त्यानं दोन्ही तुकडे घडी करून अंगातल्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. गावाकडे जाणारा ऑटो समोर उभा होता. तो त्यात न बसता आदिलाबादच्या बसची वाट पाहत थांबला.

*

सुधाकरराव आदिलाबादेत बी-बियाण्याचं दुकान चालवत. समाजाचा वधू-वर गट तेच सांभाळत, कोणाचा कागद टाकायचा, कोणाचा नाही, ते ठरवत. माणूस कामाचा होता. त्यांच्या गटातून खरोखर बरीच लग्नं जमली होती. रामाजीला त्यांनी गादीवर बसवलं, चहा मागवला. गादीवर बसताना रामाजीनं धोतराचा सोगा झटकला, कारण त्याला वावरातली कुसळं चिकटली होती.

त्यानं येण्याचं कारण सांगितलं. अडखळत सांगितलं.

"काढाचा?" सुधाकरराव म्हणाले. "काऊन? कुठी जमलं?"

"जमलं नाई भाऊसाहेब."

"मंग?"

"पोरीले नको हाय."

सुधाकररावांनी चहाचा कप खाली ठेवला. "रामाजी, राग नका मानू. काही भानगड तं नाई ना? असन तं मले सांगा, माया पोटात राहीन."

"नाई, नाई. तसं नाई. लोकं फोन करतात तिले. एक तं दारापुढं येऊन उभा राह्यला."

"लग्नाच्या पोरीले फोन येतीनच ना बापा! म्या तं माया पोरीच्या, सुनयनाच्या, वेळी सगळंच टाकलं होतं, पार रक्तगटासकट. काही झालं का? ज्याचं खरं हाय त्याले झाकाचं काऊन? आपन का चोरी केली?"

सुधाकररावांचं बोलणं चुकीचं होतं असं रामाजीला वाटेना. तो स्वतः तसाच वाढला होता. कोणाच्या घरी काय शिजलं ते वासावरून कळायचं, कोणाचं दुखणं ते खोकल्यावरून. दार लावून घेणारा माणूस गावात एकच असायचा, आणि त्याच्याबद्दल लोक बरं बोलत नसत. तरी काचेवरचा तो कागद त्याच्या छातीशी होता आणि श्वास घेतला की कुरकुरत होता.

"चोरी नाई केली," तो हळू म्हणाला. "पन तिचं होतं भाऊसाहेब. म्या देऊन टाकलं."

"बापानं नाई द्याचं तं कोनं द्याचं?"

रामाजीनं आपला कप बाजूला सरकवला, पण उठला नाही.

"बरं, काढतो," सुधाकरराव चष्मा लावत म्हणाले. "पन नुसता काढला तं लोकं शंका घेतीन. पोरीचंच नाव खराब होईन. गटात कारन लिवा लागन. काय लिवू? 'कौटुंबिक कारणास्तव'?"

रामाजीला ते शब्द माहीत होते. ते वाचून लोक काय समजतात तेही माहीत होतं. एका पोरीचा कागद असाच 'कौटुंबिक कारणास्तव' निघाला होता आणि तिच्याबद्दल लोक अजून बोलत होते.

"असं लिवा," तो म्हणाला, "का बापानं पोरीले न इचारता देल्ला होता. चूक बापाची हाय. ज्याच्याजोळ असन त्यानं पुसून टाका, अशी इनंती हाय."

"असं लिवू?" सुधाकररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "लोकं हासतीन तुमाले."

"हासू द्या."

"तुमच्या नावानं?"

"माया नावानं."

त्यांनी लिहिलं. लिहिताना तेही थोडे हसलेच, पण शब्द न शब्द रामाजी म्हणाला तसाच लिहिला. निघताना रामाजीनं विचारलं की गटात लोक किती, आणि कुठकुठले. सुधाकरराव म्हणाले, "मोजले नाई कधी. आन् प्रत्येकजन अजून चार गटात असते."

*

मेसेज रामाजीच्या आधी गावात पोचला. दुसऱ्या दिवशी वेचणीला बाया आल्या त्या हसू दाबतच आल्या. गयाबाईला फार वेळ दाबता आलं नाही.

"चूक बापाची हाय!" तिनं ओळीत वाकून सुधाकररावांच्या आवाजात म्हटलं. "भाऊजी, आमच्या बापानं तं आमाले इचारलंच नाई, डायरेक्ट लगन लावून देल्लं. त्याचा मेसेज कोनं टाकाचा?"

"तुया बापाले म्हनाव, सुधाकररावाच्या दुकानी ये," दुसरी म्हणाली.

"आन् जवायाले म्हनाव पुसून टाक!"

रामाजी खाली पाहून वेचत राहिला. पलीकडच्या ओळीतून मथुराबाई ताठ उभी राहिली. ओटी भरून फुगलेली, दोन्ही हात त्यावर.

"हासा माय, हासा," ती म्हणाली. "माया नवऱ्यानं चूक केली तं चौघात सांगतली तरी. तुमच्यातल्या कोनाच्या नवऱ्यानं आजपावतर एक तरी चूक सांगतली का?"

बाया आणखीच हसल्या, पण आता वेगळ्या गोष्टीवर. थोड्या वेळानं त्या आपापल्या नवऱ्यांवर बोलू लागल्या. रामाजीचा विषय मागं पडला.

संध्याकाळी बाभळीच्या फांदीला काटा लटकवून कापूस मोजणं चाललं होतं. गयाबाई मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी आली. बाकीच्या बाया बैलबंडीपाशी गेल्यावर तिनं आपलं गाठोडं काट्याला लावलं आणि काट्याकडे पाहत म्हटलं, "भाऊजी, चैतात माया दवाखान्याचा मेसेज आलता तुमच्या फोनावर. छातीत गाठ होती त्याचा रिपोट."

रामाजीनं काट्याचा आकडा बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"म्या आली तवा तो उघडलेला होता," ती म्हणाली. "तुमी वाचला होता ना?"

"वाचला होता."

"मथुरानं मले कधी काही इचारलं नाई."

"तिले मालूम नाई."

काट्यावर गाठोडं सावकाश फिरत होतं. "पूर्ण उनाळा म्या पाहत होती," गयाबाई म्हणाली, "का आता कोनी इचारन, मंग कोनी इचारन. गाठ साधी निघाली, तरी कोनी नाई इचारलं. मले वाटलं, तुमाले वाचता नसन आलं. इंग्रजीत होतं ना."

"येते मले तेवढं."

तिनं गाठोडं उतरवलं. चार पावलं गेली आणि परत वळली. आवाज अगदी खाली आला होता.

"हर्षालीले पत्र लिवनार हा ना तुमी? मथुरा म्हने. त्याच्यात मायं हे लिवू नका बरं भाऊजी."

"नाई लिवत."

*

बुधवारी मजूर मिळाले नाहीत, म्हणून वेचणी बंद होती. रामाजी सकाळच्या उन्हात ओसरीवर बसला. ह्या वेळी त्यानं आंतरदेशीय घेतलं नाही, वहीचा मोठा कागद घेतला. खुंटीवरचा फोन पिशवीसकट आत नेऊन ठेवला. गल्लीतून कोणीतरी विचारलं, "फोन कुठी गेला वो?" तर मथुराबाईनं आतूनच सांगितलं, "निजला हाय!"

त्यानं लिहिलं, कागद देवानंदला दिला, त्यानं सुधाकररावांना, त्यांनी गटात. तुझ्या मामालाही मी स्वतः दिला आणि किनवटच्या एका सोयऱ्याला. दुकानाच्या काचेवर होता, तो काढला. पुढं कोणाकोणाकडे गेला ते मी विचारत गेलो, पण त्याला शेवट नाही, म्हणून खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मी असल परत मागायला गेलो होतो. असल नसते म्हणतात.

तुला विचारायला पाहिजे होतं, असं त्यानं लिहिलं. मग पुढचा प्रश्न आला: नंबर दिला तर तो तुमच्यापाशी राहील का. इथं लेखणी थांबली. लिहायला त्याच्यापाशी एक गोष्ट होती. सबंध उन्हाळा त्यानं एक गोष्ट पोटात ठेवली होती, बायकोलाही सांगितली नव्हती. ती लिहिली असती तर पोरीचा विश्वास बसला असता. पण ती लिहिली की ठेवली असं म्हणता येत नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं: 'राहील. पण हे मला तुला दाखवून देता येत नाही. म्हणून नंबर मागत नाही. तुझ्या मनाला येईल तेव्हा दे, नाही आलं तर देऊ नको.'

"झालं का?" मथुराबाई येऊन बसली. "मायं काही लिवलं का?"

"सांग."

"लिवा, तुरी फुलावर हायत. सोले यायले लागले का तिच्या वाट्याचे कोनाले देनार नाई म्हना. आन् लिवा का..." ती थांबली. पदरानं नाक पुसलं. "नाई, तेवढंच लिवा."

त्यानं तेवढंच लिहिलं. खाली 'तुझा आवाज' असे दोन शब्द लिहिले, ते खोडले, आणि सही केली.

दुपारी तो जैनथच्या पोस्टात गेला. पाकीट वाटेत हरवू नये, नक्की पोचावं, म्हणून स्पीड पोस्टच्या खिडकीशी उभा राहिला. आतला कारकून तरुण होता, नवा, तेलुगू बोलणारा. रामाजीशी हिंदीत बोलला.

"आपका मोबाइल नंबर?"

रामाजीनं आपला सांगितला.

"जिसको भेजना है, उसका?"

"नाई हाय."

"नंबर डालना पड़ता है. कौन है ये?"

"पोरगी हाय माही."

कारकुनानं मान वर केली. रामाजीच्या मागं उभी असलेली बाई पुढं झुकली. "पोरीचा नंबर बापाजोळ नाई?" ती म्हणाली, रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं. कोणीतरी चुकचुकलं. देवानंदच्या दुकानात, सुधाकररावांच्या गादीवर रामाजीची जीभ जशी जड झाली होती तशी ती आता होईल असं त्याला वाटलं. पण झाली नाही.

"तिचा नंबर तिच्याजोळ हाय," तो म्हणाला.

"तो फिर साधा डाल दो," कारकून म्हणाला आणि पाकीट परत सरकवलं. "पहुँच जाएगा."

रामाजीनं तिकीट घेतलं. जिभेनं ओलं करून कोपऱ्यात लावलं, अंगठ्यानं दाबून धरलं. अंगठ्याची चीर अजून भरली नव्हती, झोंबली. मग तो बाहेरच्या लाल डब्यापाशी आला. पाकीट फटीत अर्धं सरकवून त्यानं पत्ता एकदा वाचला, हैदराबाद, पिनकोड, आणि सोडून दिलं. डबा रिकामा असावा. तळाला पडल्याचा आवाज आला.